पायलटकाका आणि चार एमबीची पट्टी

पायलटकाकांनी कुठलीही वस्तू खाली ठेवली की आवाज व्हायचा नाही. चहाचा कप बशीत, पितळी तांब्या स्टुलावर, भरलेलं गॅस सिलिंडर स्वयंपाकघराच्या फरशीवर, काहीही असो. वस्तू टेकायच्या आधी क्षणभर थांबायची, जागा विचारून घेतल्यासारखी, आणि मग बसायची. काकू मात्र भांडी आपटण्यात कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरभर प्रसिद्ध होत्या. त्यांच्या क्वार्टरमधून आवाज आला की काकू घरी आहेत आणि शांत असलं की काका ड्यूटीवरून आलेत, असं आम्ही शेजारी समजून चालायचो.

पायलट हे नाव आमच्याच ब्लॉकने चिडवायला ठेवलेलं. माणूस जन्मात विमानात बसला नव्हता. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागलेला हा गृहस्थ सव्वीस वर्षं क्रेन चालवत होता. शेडच्या छताखालच्या त्या केबिनमध्ये बसायचं, खाली उभा राहून हाताने खूण करणाऱ्या मदतनीस खलाशावर नजर ठेवायची आणि वितळलेल्या पोलादाने भरलेलं घराएवढं मोठं भांडं नेमक्या जागी नेऊन ठेवायचं, हे त्यांचं काम. नवीन पोरांना ते एकच गोष्ट शिकवायचे. "उचलताना कळलं तर चालते. ठेवताना कळू नाही पाहिजे."

मी त्यांना जवळून ओळखायला लागले तेव्हा ते वरून खाली आलेले होते. एकदा केबिनमध्ये घेरी आली, दवाखान्यात ब्लडप्रेशर निघालं आणि मेडिकल बोर्डाने त्यांना क्रेनसाठी अनफिट ठरवलं. लाइट जॉब म्हणून टूल रूममध्ये बसवलं. तिथे पाने आणि हातोडे द्यायचे, सही घ्यायची आणि परत आले की मोजून ठेवायचे. काका कुरकुरले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "सव्वीस वर्षं लोकांचे हेल्मेट वरून पाहिले, आता लोकांचे बेल्ट पाहून राहिलो."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि सेक्टरच्या बाजारात वरच्या मजल्यावरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आमच्या मालकांना दर वर्षी नवीन मशीन आणायचा सोस होता. 'लेटेस्ट' हा शब्द पाटीवर नसेल तर पोरं दुसऱ्या क्लासला जातील ही त्यांची भीती. मागच्या वर्षीची मशीन गॅलरीत धूळ खात पडायची. काका एकदा आमचा बंद पडलेला पंखा बघायला आले, गॅलरीत गेले आणि तिथेच उकिडवे बसले. "हे सारं मेलं आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही काका, जुनं झालंय." ते माझ्याकडे बघत राहिले. मरण्याखेरीज मशीन टाकून द्यायचं दुसरं कारण असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

पुढच्या काही महिन्यांत काकांनी क्लासचे सगळे पंखे आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करून दिले, आणि मालकांनी त्याबदली गॅलरीतलं हवं ते उचलायची मुभा दिली. असं एकेक आणून त्यांच्या पुढच्या खोलीत एक ४८६ कॉम्प्युटर उभा राहिला. जोडायला मी होते, शिकवायलाही मीच. पण महिन्याभरात गुरू मागे आणि चेला पुढे अशी गत झाली. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासून साफ करायचे, ही युक्ती मी त्यांच्याकडून शिकले. प्रत्येक खेळासाठी त्यांनी वेगळी फ्लॉपी केली होती. त्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं की नको ते काहीच चालू व्हायचं नाही, सगळी ताकद खेळाला मिळायची. फ्लॉपीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असे, 'फक्त विमान'.

विमान उडवायचा तो खेळ त्यांचा जीव की प्राण. कॉम्प्युटर अडखळायला लागला की आम्ही क्लासवाले लगेच नवीन मशीनच्या गोष्टी करायचो. काका एक कळ दाबून पडद्यावरचं चित्र लहान करायचे. पोस्टकार्डाएवढं चित्र, भोवती काळी चौकट, पण विमान तेलासारखं सरकायचं. "खिडकी छोटी करा," ते म्हणायचे. "केबिनमधून तरी मले केवढं दिसायचं? जेवढं लागते तेवढंच." मी नव्या खेळाचं काही सांगू लागले की त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "जे आहे ते संपलं का?" संपलेलं कधीच नसायचं. एकच विमान ते दोन वर्षं उडवत होते आणि अजून त्यांना त्यात काहीतरी नवीन सापडायचं.

त्या खेळातला मुलूख होता अमेरिकेचा, पण काकांनी त्याचं बारसं केलं होतं. तिथल्या मोठ्या तळ्याला ते आमच्या इथल्या तलावावरून मरोदा टँक म्हणायचे, एका लहान धावपट्टीला जवळच्या विमानतळावरून नंदिनी. संध्याकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते खुर्चीवर बसायचे. मरोद्यावरून वळसा घ्यायचा आणि नंदिनीला उतरायचं. मध्ये उठायचं नाही. काकूंनी आतून हाक मारली, "अहो, भाजी आणता का?" की हे म्हणायचे, "हवेत आहो. उतरून येतो." काकू मला म्हणायच्या, "पाहून राहिली ना? साऱ्यांचे नवरे बाजारात जातात, माहा वाला हवेत जाते!"

पण गंमत गंमत म्हणत मी बराच काळ जे बघत होते, त्यामागे गंमत नव्हती. हे मला एका रविवारी कळलं. काकांनी टेबलाच्या खणातून एक अर्ज काढून दाखवला. ब्लडप्रेशर वर्षभर ताब्यात राहिलं तर पुन्हा तपासणी मागता येत होती. दवाखान्यातली तपासणी, मग क्रेनवर प्रत्यक्ष चाचणी. निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती. "पगाराची गोष्ट नाही, पोरी," ते म्हणाले. "मले वरून रिटायर व्हायचं आहे. शेवटल्या दिवशी शिडीवरून माहा मी उतरीन अन् घरी जाईन. असं कोणी उतरवून दिलेलं नाही." विमानाचं उतरणं हा त्यांचा रोजचा सराव होता. चाकं जमिनीला टेकताना दणका बसला की ते वहीत फुली मारायचे, नाही बसला तर काही लिहायचे नाहीत. त्या महिन्याचं पान कोरं होतं.

हे पान कोरं असण्यात मेमरीच्या दुसऱ्या पट्टीचा मोठा वाटा होता. आधी त्यांच्याकडे चार एमबीची एकच पट्टी होती आणि उतरायच्या ऐन वेळी चित्र अडखळायचं. मालकांकडे आठ पॉवर सप्लाय दुरुस्त करून काकांनी आणखी एक चार एमबी मिळवली, बसवली आणि म्हणाले, "आता बस. आता याच्यापुढे काही नाही लागत." हे वाक्य मी तोवर कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं, नंतरही ऐकलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. प्लांटमध्ये एक क्रेन चालवायला दुसऱ्या उभ्या क्रेनचा भाग काढून लावतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण एक नियम. जिचा भाग काढला तिच्या हँडलला चिठ्ठी बांधायची, काय काढलं आणि कोणी काढलं ते लिहून. "नेण्यात पाप नाही. चिठ्ठी न बांधण्यात आहे," काका म्हणाले होते. "जो वर चढते त्याले माहीत पाहिजे ना, की खाली काय नाही आहे."

त्या उन्हाळ्यात माझ्या नागपूरच्या मैत्रिणीने एका नव्या खेळाची सीडी पाठवली. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, काचेसारखे चकचकीत रस्ते. माझ्या घरच्या मशीनमध्ये चार एमबी, खेळाला हवी आठ. मला काही तो खेळ खेळल्याशिवाय जेवण जात नव्हतं अशातला भाग नाही. पण मी क्लासची मॅडम. पोरं विचारायची, मॅडम तुमच्याकडे चालतो का? नाही म्हणताना मला कमीपणा वाटायचा. बस, एवढंच कारण. याहून मोठं काही कारण असतं तर आज लिहिताना थोडं बरं वाटलं असतं.

काका-काकू चार दिवस गावी लग्नाला गेले. तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी मी पाणी घातलं, आत गेले, मशीन उघडलं आणि त्यांची एक पट्टी काढून पर्समध्ये टाकली. त्यांना परत यायला अजून दोन दिवस होते, तोवर आणून लावू. चिठ्ठी लिहायचं मनात आलं नाही असं नाही. टेबलावर वही होती, पेनही होतं. 'काका, एक पट्टी नेली आहे,' एवढं लिहायला किती वेळ लागतो? पण लिहिलं असतं तर का नेली हे सांगावं लागलं असतं, आणि "जे आहे ते संपलं का?" हा प्रश्न मला नको होता.

ते परत आले तेव्हा मी शर्यतींच्या मध्यावर होते. मग आज नेऊन लावू, उद्या लावू, असं सुरू झालं. मशीन सुरू होताना पडद्यावर मेमरीचा आकडा दिसतो, पण काकांचा मॉनिटर इतका म्हातारा की चित्र उजळेपर्यंत तो आकडा निघून गेलेला असायचा. त्यांच्या ते लक्षात येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. चोरी करताना माणूस केवढा हुशार होतो.

आठवड्याभराने काकांनी मला बोलावलं. वहीचं पान फुल्यांनी भरलेलं होतं. ते म्हणाले, "पोरी, हात जड झाला. मी दाबतो अन् विमान मंग ऐकते. ऐन टेकायच्या वक्ताले चुकते." मग म्हणाले, "मशीनचं तर काही नसंल? तू एकडाव पाहून घे बरं. तुले समजते."

त्या क्षणी सगळं निस्तरता आलं असतं. मी काय केलं ते सांगते. मी झाकण उघडलं. पट्टीची रिकामी खाच माझ्यासमोर होती. काका माझ्या मागे टॉर्च धरून उभे होते, पण त्यांची नजर मशीनवर नव्हती, माझ्या तोंडावर होती. डॉक्टरकडे बघावं तसे ते बघत होते. मी दोन तारा हलवल्या, फुंकर मारली आणि झाकण लावलं. "मशीन एकदम ठीक आहे काका," मी म्हणाले. आणि त्यांचा चेहरा उतरलेला बघून, धीर द्यायच्या आवाजात वर म्हणाले, "थोडं वयही असतं ना."

"हाव," काका म्हणाले. "ते तर आहेच."

त्या दिवशी घरी येऊन मी शर्यत खेळले नाही, एवढीच काय ती माझी माणुसकी. पट्टी मात्र परत नेली नाही. आता नेली तर हात लगेच सुधारेल आणि माझं बिंग फुटेल, ही भीती होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. काका रोज अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसत राहिले आणि रोज फुली मारत राहिले. संध्याकाळी त्यांच्या दारावरून जायचं मी टाळायला लागले. लांबच्या गल्लीने घरी यायचे.

तीन आठवड्यांनी काकू भाजीच्या दुकानात भेटल्या. "तुह्या काकानं अर्ज वापस घेतला," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, बीपी चांगलं आहे, डॉक्टर हाव म्हणून राहिला, मंग कावून? तर म्हणतात, डॉक्टरले बीपी दिसते, हात मले दिसते. खाली माणसं उभी राहातात म्हणे." काकूंच्या हातात भेंडीची पिशवी होती. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, भेंडीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी काका ड्यूटीवर असताना मी काहीतरी निमित्त काढून गेले आणि काकू चहा ठेवत होत्या तेवढ्यात पट्टी जागेवर लावली. घाईत ती दोनदा तिरकी बसली. संध्याकाळी मुद्दाम थांबले. काकांनी मरोद्यावरून वळसा घेतला, नंदिनी समोर आली आणि चाकं कधी टेकली ते कळलंही नाही. काका खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "पाहिलं? आस सोडली अन् हात मोकळा झाला," ते मला म्हणाले. "आसच जड होती, पोरी. मी उगाच हाताले दोष देऊन राहिलो होतो." मग लगेच स्वतःच म्हणाले, "पण क्रेनवर तर आस सोडून नाही ना बसता येत. बरं झालं उतरलो."

अर्ज मागे घेऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. ऑफिसातल्या बाबूने तो अजून फाइलमधून काढलाही नसेल. मी फक्त तोंड उघडायचं होतं. मी चहा प्याले आणि घरी आले. पट्टी नेली ही चूक होती असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. खोटं बोलले तेही घाबरून, असं म्हणता येईल. पण त्या संध्याकाळच्या गप्प बसण्याला मला आजवर नाव सापडलं नाही. मला त्याची लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणताना आपण काही चांगलं करतो आहोत असं वाटतं, त्याचीही वाटते.

अडीच वर्षांनी काका टूल रूममधून निवृत्त झाले. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सोबतचे लोक हार घालून, जीपमध्ये बसवून त्यांना घरी घेऊन आले. ढोल होता, गुलाल होता, काकूंनी ओवाळलं. एका जुन्या खलाशाने सगळ्यांसमोर सांगितलं, "दादा के हाथ के नीचे हम आँख बंद करके खड़े रहते थे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काका खाली बघत राहिले. मग खिशातून हात काढून जोडले.

क्वार्टर सोडून ते दुर्गला मोहन नगरात दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. नागपूरला जायच्या आधी निरोप घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. ४८६ होता, चालूही होता. खोलीत ऊन आलं होतं म्हणून काकांनी मॉनिटरवर टॉवेलची सावली केली होती. बोलता बोलता क्रेनचा विषय निघाला. काका सहज म्हणाले, "मी आपणहून उतरलो ते चांगलं केलं. हट्ट केला असता, तर कोणाच्या तरी डोक्यावर भांडं आणलं असतं. तव्हा हात गेलाच होता माहा."

त्यांनी हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. लग्नाचे चार दिवस, पर्स, गाड्यांची शर्यत, रिकामी खाच, टॉर्च, 'मशीन ठीक आहे', आणि वयाचं जे म्हणाले होते तेही. शब्द एकमेकांवर पडत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. ते ओरडतील याची मी वाट बघत होते. खरं तर त्यांनी ओरडावं असंच मला वाटत होतं.

काकांनी मॉनिटरवरचा टॉवेल सरळ केला. मग त्यांनी विचारलं, "पट्टी नव्हती म्हणून अटकत होतं?"

"हो काका."

"मंजे माहा हात बरोबर होता?"

मी मान हलवली. काका उठले. आतल्या दारापर्यंत गेले आणि इतक्या मोठ्याने बोलले की तसं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अवो, ऐकून राहिली का? माहा हात बरोबर होता! तव्हाही बरोबर होता! ही पोरगी सांगून राहिली!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. काकांचा चेहरा फुलला होता, डोळे भरले होते, आणि ते पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच, भांडं न आपटता म्हणाल्या, "अन् हे तुले तव्हाच माहीत होतं?"